१२९ पौंडांची ‘आठवारी’: अनोळखी किल्टवाल्यावर विश्वास ठेवायचा का?

ग्लासगोतल्या भाच्याने रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, “मामा, बघा जरा. आठ यार्ड, हाताने शिवलेला, १६ औंस, शंभर टक्के ॲक्रिलिक वूल, फक्त १२९ पौंड. एडिनबर्गचं दुकान आहे. आज रात्री बारापर्यंतच ऑफर. घेऊ का?”

त्याच्या ऑफिसातल्या स्कॉटिश मित्राचं लग्न होतं आणि नवरदेवाकडच्या सगळ्यांनी किल्ट, म्हणजे तिकडचा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा पोशाख, घालायचा असं ठरलं होतं. मामाला विचारायचं कारण एवढंच की आमचं घर इचलकरंजीचं. घरात दोन पिढ्या माग चालले, त्यामुळे कापडातलं काहीही अडलं की नातेवाइकांना मी आठवतो, मग तो खिडकीचा पडदा असो की स्कॉटलंडचा किल्ट. मी काही किल्ट शिवणारा माणूस नाही. पण कापड, वजन आणि हिशोब या तीन गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. मी लिंक उघडली. “थांब” एवढंच उत्तर दिलं. बारा वाजून गेल्यावर पुन्हा उघडली, तर ऑफरचं घड्याळ परत चोवीस तासांवर आलं होतं.

हा प्रश्न भाच्यापुरता नाही. स्कॉटलंडचा फुटबॉल संघ १९९८ नंतर पहिल्यांदा २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरला, आणि त्यांचे पाठीराखे किल्ट घालूनच मैदानात जातात. त्याच वर्षी ग्लासगोत २३ जुलै ते २ ऑगस्ट राष्ट्रकुल स्पर्धा. अशा वेळी किल्ट विकणाऱ्या वेबसाइटी छत्र्यांसारख्या उगवतात. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं लग्नासाठी, पदवीदान समारंभासाठी किंवा हौसेने किल्ट घेतात आणि कुठल्या दुकानावर भरवसा ठेवावा हे त्यांना कळत नाही. खरं सांगायचं तर तिथल्या मुलांनाही कळत नाही.

किल्ट म्हणजे नेमकं काय

लांबून बघणाऱ्याला किल्ट म्हणजे चौकड्यांचा स्कर्ट वाटतो. जवळून पाहिला तर तो नऊवारीचा चुलतभाऊ आहे. पूर्ण मापाच्या पारंपरिक किल्टला आठ यार्ड, म्हणजे आठ वार कापड लागतं. म्हणून घरात आम्ही त्याला आठवारीच म्हणायला लागलो. फरक इतकाच की नऊवारीच्या निऱ्या पुढे आणि रोज नव्याने घालायच्या, किल्टच्या निऱ्या मागे आणि कायमच्या शिवलेल्या.

पुढच्या बाजूला एकावर एक येणारे दोन सपाट पदर असतात, त्यांना ॲप्रन म्हणतात. वरच्या ॲप्रनची कड घालणाऱ्याच्या उजवीकडे येते. मागच्या सगळ्या भागात पंचवीस-तीस निऱ्या, आणि त्या कमरेपासून नितंबांपर्यंत एकेक करून शिवून बसवलेल्या. आत कोटासारखं कॅनव्हासचं अस्तर, बाजूला चामड्याचे दोन किंवा तीन पट्टे. कापड म्हणजे ट्विल विणीची घट्ट, गुळगुळीत लोकर. त्यावरच्या चौकड्यांच्या नमुन्याला टार्टन म्हणतात. चौकड्यांचा एक फेरा पूर्ण होऊन नमुना पुन्हा सुरू होतो, त्या एका फेऱ्याला तिकडे ‘सेट’ म्हणतात. आमच्या मागावर आम्ही रिपीट म्हणायचो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे फोटो बघताना लागेल.

आठ यार्ड हा आकडा एकेरी पन्ह्याचा आहे. आज कापड बहुतेक दुहेरी पन्ह्याचं, साधारण दीड मीटर रुंदीचं येतं. ते मधून कापून जोडतात, म्हणजे प्रत्यक्षात दुहेरी पन्ह्याचं चार यार्ड कापड पुरतं.

आधी हिशोब

दुकान खरं की खोटं हे बघण्याआधी मी वही काढली. माणूस खोटं बोलू शकतो, पण कापडाला पैसे लागतात आणि शिवायला वेळ लागतो.

चार यार्ड म्हणजे ३.६६ मीटर. चांगल्या लोकरीच्या टार्टनचा किरकोळ भाव ब्रिटनमध्ये मीटरला साधारण ६० ते ९० पौंड. शिवणाऱ्याला गिरणीकडून निम्म्या भावात मिळतं असं उदारपणे धरलं, तरी नुसतं कापड ११० ते १६५ पौंडांचं झालं. हाताने एक किल्ट शिवायला सराईत माणसालाही वीसेक तास लागतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५पासून किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. म्हणजे किमान मजुरी धरली तरी २४४ पौंड. बेरीज साडेतीनशेच्या वर गेली, आणि यात अजून चामड्याचे पट्टे नाहीत, अस्तर नाही, जागेचं भाडं नाही, कर नाही, नफा तर नाहीच.

म्हणून तिथे हाताने शिवलेला पूर्ण लोकरी किल्ट साधारण साडेचारशे पौंडांपासून पुढे जातो. १२९ पौंडांत किल्ट मिळणारच नाही असं नाही. मिळतो, आणि कामचलाऊ मिळतो. पण ‘आठ यार्ड’, ‘हाताने शिवलेला’, ‘लोकर’ आणि ‘स्कॉटलंडमध्ये बनवलेला’ या चारही गोष्टी १२९ पौंडांत एकत्र येऊ शकत नाहीत. यातली एक तरी खोटी असणार. बहुधा एकापेक्षा जास्त.

‘ॲक्रिलिक वूल’ नावाचा प्राणी

जाहिरातीतला हा शब्द वाचून मला येवल्याच्या रस्त्यावर ऐकलेला ‘आर्ट सिल्क’ आठवला. आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. तसंच इथे. ॲक्रिलिक हा पेट्रोलियमपासून बनवलेला धागा आहे, त्याचा मेंढीशी काही संबंध नाही. ब्रिटनमध्ये कापडाच्या लेबलवर कोणता धागा किती टक्के आहे हे सांगावंच लागतं, त्यासाठी २०१२ची नियमावली आहे, आणि लोकर हा शब्द खऱ्या लोकरीसाठीच वापरायचा असतो. ‘शंभर टक्के ॲक्रिलिक वूल’ म्हणजे ‘शंभर टक्के वनस्पती तूप, साजूक’. जो दुकानदार हे वाक्य छातीठोकपणे लिहितो, त्याला एक तर कापड कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही याची त्याला खात्री आहे.

पॉलिव्हिस्कोस नावाचा आणखी एक प्रकार मिळतो. पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण, धुवायला सोपं, स्वस्त, उन्हाळ्यात बरं. यॉर्कशरमधली मार्टन मिल्स ही नावाजलेली गिरणी ते उघडपणे त्याच नावाने विकते. खेळांच्या स्पर्धांना, मुलांना, पावसात बँड वाजवणाऱ्याला ते चांगलंच आहे. कृत्रिम धागा वापरणं हा गुन्हा नाही.

आता एक युक्ती सांगतो, मागवाल्याची. किल्टच्या कापडाचं वजन औंसात सांगतात: १० ते ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे मध्यम, १६ म्हणजे जड. हा आकडा दुहेरी पन्ह्याच्या एका यार्डाचा असतो. आपल्याकडच्या भाषेत १३ औंस म्हणजे साधारण २७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), १६ औंस म्हणजे साधारण ३३०. चार यार्ड गुणिले १६ औंस बरोबर ६४ औंस, म्हणजे जवळजवळ १८०० ग्रॅम. १३ औंसाचा असला तरी दीड किलोच्या आसपास. दुकानदाराला सरळ विचारायचं: तुमच्या तयार किल्टचं वजन किती? भाच्याच्या लिंकवर खाली पार्सलचं वजन छापलेलंच होतं, ९०० ग्रॅम. सोळा औंसाचे आठ यार्ड ९०० ग्रॅममध्ये बसायचे तर अर्धं कापड वाटेतच राहिलं असणार.

फोटो वाचायचा कसा

पुढून काढलेला फोटो निरुपयोगी. ॲप्रन सपाट असतो, तो कुणीही नीट शिवेल. कारागिरी पाठीमागे असते, म्हणून मागचा फोटो मागायचा.

चांगल्या किल्टमध्ये निऱ्या अशा घालतात की सगळ्या मिटल्यावर मागच्या बाजूला टार्टनचा तोच सेट पुन्हा दिसतो. म्हणजे तीस निऱ्यांमध्ये कापडाचा मोठा भाग आत दडलेला, तरी वरून बघणाऱ्याला चौकड्या अखंड वाटतात. किती कापड आत घ्यायचं हे प्रत्येक निरीगणिक मोजून ठरवावं लागतं. वीस तास तिथेच जातात. दुसरी पद्धत लष्करी, तिच्यात प्रत्येक निरीच्या मधोमध एकच ठळक पट्टा आणतात. दोन्ही बरोबर. मात्र दोन्हींपैकी काहीच नसेल, पट्टे कुठेही आले असतील, आडव्या रेघा एका निरीवरून दुसरीवर जाताना पायरी घेत असतील, तर ते यंत्रावर भराभर घातलेलं काम आहे.

निऱ्या कमरेकडे निमुळत्या होत गेल्यात का तेही बघा. माणसाची कंबर आणि नितंब एका मापाचे नसतात. नळकांड्यासारखा सरळ खाली येणारा किल्ट कुणाच्याच अंगाला बसत नाही. खालची कड तर मी सगळ्यात आधी बघतो. पारंपरिक किल्टला खाली दुमड नसते. विणतानाच तयार झालेली कापडाची पक्की किनार तशीच ठेवतात. कड दुमडून शिवलेली दिसली तर कापड किल्टसाठी विणलेलं नाही. साडीचा काठ विणलेला आहे की वरून लावलेला, हे बघण्यासारखंच आहे.

आणि फोटो त्याच दुकानाचा आहे ना? तो गूगल लेन्सवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. भाच्याच्या लिंकवरचा किल्ट आणखी सहा वेबसाइटींवर निघाला, तोच मॉडेल, तीच पोझ, सहा वेगवेगळी ‘घराणी’.

जो प्रश्न विचारतो तो कारागीर

मला विचाराल तर बाकी सगळ्या कसोट्या एकीकडे आणि ही एकीकडे. ऑर्डर देताना कोण कुणाला प्रश्न विचारतंय ते बघा.

खरा किल्टवाला तुमच्या पँटचं माप स्वीकारत नाही. किल्ट बेंबीच्या आसपास बांधतात, जीन्स बरीच खाली, त्यामुळे ३४ची पँट घालणाऱ्याला ३४चा किल्ट होत नाही. तो कमरेचं माप नेमकं कुठे घ्यायचं ते दाखवेल, नितंबांचं माप मागेल, कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या वरपर्यंतची लांबी मागेल. उंची विचारेल, कधी पोट सुटलंय का हेही विचारेल, आणि माप दुसऱ्या कुणाकडून घ्या म्हणून बजावेल, कारण वाकून स्वतःचं माप घेतलं की लांबी चुकते. किल्ट कशासाठी हवाय, लग्नाला की बँडला, हे विचारेल. कोणत्या गिरणीचं कापड हवं हेही. सेल्कर्कची लॉखकॅरन, पर्थची हाउस ऑफ एडगर, फोरफारची स्ट्रॅथमोर ही नावं त्याच्या तोंडी सहज येतात. आपल्या शिंप्याच्या तोंडी सूटिंगच्या कंपन्या येतात तशी. कापडाचा तुकडा नमुन्याला मागितला तर टपालाने पाठवेल. तो तुकडा हातात आला की एक धागा काढून, जपून, जाळून बघता येतो. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक असेल तर वितळून टणक गोळी होते.

शिवाय तो थांबायला सांगेल. हाताने शिवणाऱ्याकडे दोन-तीन महिन्यांची रांग असणं नेहमीचं आहे. ब्रिटनमधली हेरिटेज क्राफ्ट्स ही संस्था धोक्यात आलेल्या हस्तकलांची यादी ठेवते, त्यात किल्ट शिवण्याची कलाही आहे. माणसंच कमी आहेत. त्यामुळे ‘तुमच्या मापाचा, हाताने शिवलेला, तीन दिवसांत घरपोच’ हे वाक्य वाचलं की समजायचं, किल्ट आधीच कुठल्यातरी गोदामात पडलाय आणि तुमचं माप त्याला सापडणार आहे.

भाच्याच्या वेबसाइटने त्याला एकच गोष्ट विचारली होती: कंबर, ड्रॉपडाउनमधून.

पत्ता, नोंदणी आणि ‘१९४७पासून’

ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंद कंपनीज हाउस नावाच्या सरकारी दप्तरात असते आणि ती कुणालाही फुकट बघता येते. स्कॉटलंडमध्ये नोंदलेल्या कंपनीचा नंबर ‘एससी’ या अक्षरांनी सुरू होतो. तिथे कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, हिशोब भरलाय का, सगळं दिसतं. वेबसाइटवर ‘१९४७पासून आपल्या सेवेत’ आणि दप्तरात गेल्या वर्षीची तारीख, असं असेल तर मधल्या वर्षांचं काय ते त्यांना विचारा. वेबसाइटचा पत्ता कधी नोंदवला हेही ‘हूइज’ शोधात कळतं.

पण इथे घाई नको. एकटा-दुकटा कारागीर कंपनी काढतच नाही, स्वतःच्या नावावर धंदा करतो, म्हणून तो या दप्तरात सापडणार नाही. वर्षाला ९० हजार पौंडांखाली उलाढाल असेल तर व्हॅट नंबरही नसेल. हे संशयास्पद नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, खरा पत्ता आणि ईमेल द्यावाच लागतो, हा नियम मात्र २००२पासून सगळ्यांना आहे. नुसता संपर्काचा फॉर्म आणि चॅटचा बुडबुडा असेल तर तो नियम मोडलेला आहे.

‘नोंदणीकृत टार्टन’ या शब्दांनी बरेच जण फसतात. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स ही खरीखुरी सरकारी नोंदवही आहे, २००८च्या कायद्याने आली आणि २००९मध्ये सुरू झाली. तिच्यात टार्टनचा नमुना नोंदवतात: कोणत्या रंगाचे किती धागे. कापड कसं, शिवण कशी, विकणारा कोण, याच्याशी तिचा संबंध नाही. पाककृती पुस्तकात छापून आली म्हणून खानावळ चांगली ठरत नाही, तसंच. रजिस्टरचा उपयोग उलट्या बाजूने करायचा: दुकानाने दिलेलं टार्टनचं नाव तिथे शोधायचं आणि रंग-पट्टे जुळतात का बघायचं.

‘तुमच्या कुळाचा हजार वर्षांचा प्राचीन टार्टन’ वगैरे गोष्टींकडेही दुर्लक्ष करा. १७४६च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हा डोंगरी पोशाख घालायला बंदी झाली होती, ती १७८२मध्ये उठली. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हा टार्टनची मोठी लाट आली, आणि अमुक कुळाचा अमुक टार्टन ही पक्की वाटणी बरीचशी त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली आहे. आडनाव कुलकर्णी असलं म्हणून कुणी अडवत नाही; कोणता टार्टन घालावा याला कायदा नाही. सिंग टार्टनसुद्धा आहे.

पण स्कॉटलंडचा शिक्का असेलच ना?

नाही, आणि गोची तिथेच आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, कोल्हापुरी चपलेला आहे. स्कॉटलंडच्याच हॅरिस ट्वीड या कापडाला तर १९९३चा स्वतंत्र कायदा आहे: आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या रहिवाशांनी आपापल्या घरी मागावर विणलेलं असेल तरच ते नाव आणि गोलावर क्रॉस असलेला शिक्का. किल्टला असं कायदेशीर कवच नाही. त्यामुळे ‘स्कॉटिश किल्ट’ हे शब्द प्रकार सांगतात, गाव सांगत नाहीत. ‘स्कॉटलंडमध्ये डिझाइन केलेला’ म्हणजे शिवला दुसरीकडे. ‘स्कॉटिश कापडाचा’ म्हणजे शिवणाबद्दल मौन. विचारायचा प्रश्न एकच: कापड कुठे विणलं आणि किल्ट कुठे शिवला? दोन वेगळी उत्तरं हवीत. एकाच उत्तरात दोन्ही गुंडाळली तर पुन्हा विचारा.

मग सियालकोटचा माल वाईटच का?

स्वस्त किल्टांपैकी खूप मोठा भाग पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये तयार होतो. खेळाचं सामान आणि शस्त्रक्रियेची हत्यारं यांसाठी हे शहर जगभर ओळखलं जातं. ब्रिटिश फौजांबरोबर बॅगपाइप हे फुंकून वाजवायचं स्कॉटिश वाद्य या उपखंडात आलं, तिथल्या कारागिरांनी ते बनवायला घेतलं, मागोमाग किल्टही आला. आपल्याकडे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा पाइप बँड आहे, तोही त्याच वारशातला.

म्हणून ‘पाकिस्तानी म्हणजे बोगस’ असं मी म्हणणार नाही. आमच्या इचलकरंजीचं कापड दुसऱ्याच्या शिक्क्याखाली विकलं गेलेलं मी पाहिलंय; त्यात विणकराचा काय दोष? सियालकोटचा ५० पौंडांचा ॲक्रिलिक किल्ट ५० पौंडांना, तसं सांगून विकला तर तो प्रामाणिक व्यवहार आहे. एका मॅचला घालायचा असेल तर घ्यावाही. लबाडी गावात नसते, लेबलात असते. तीच वस्तू एडिनबर्गचा पत्ता चिकटवून विकली की ओळखू कसं यायचं? पार्सलचं ट्रॅकिंग सियालकोट किंवा लाहोरहून सुरू झालं, की कळतं. १३५ पौंडांवरच्या परदेशी मालावर आयात शुल्क लागू शकतं आणि कुरिअरवाला दारात पैसे मागतो, तेव्हाही कळतं. फक्त तेव्हा उशीर झालेला असतो.

जास्त पैसे दिले की प्रश्न मिटला?

उलट वाढू शकतो. १२९ पौंडांच्या जाहिरातीत निदान हिशोब तुम्हाला जागं करतो. खरा तोटा होतो तो ५० पौंडांचा किल्ट ३९९ला घेताना. किंमत पटण्याजोगी, फोटो चोरलेले पण सुंदर, मजकूर गोड. म्हणून हिशोबाने फक्त अशक्य गोष्टी बाजूला होतात. जी शक्य वाटते ती वजन, मागचा फोटो, कापडाचा नमुना आणि त्यांनी विचारलेले प्रश्न, यांतूनच तपासावी लागते.

रिव्ह्यूंचंही तसंच. खोटे रिव्ह्यू टाकणं ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५पासून कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध आहे, पण कायदा झाला म्हणून ते थांबतात थोडेच. “लवकर मिळाला, छान आहे, पाच तारे” हा रिव्ह्यू किल्टबद्दल काहीच सांगत नाही. तो मोबाइलच्या कव्हरलाही चालेल. दोन वर्षं वापरून मग लिहिलेला, पाठीमागचा फोटो असलेला, एखादी तक्रार करणारा आणि त्याखाली कारागिराने नावानिशी दिलेलं उत्तर असलेला एक रिव्ह्यू अशा शंभरांना भारी. त्याहून चांगली वाट म्हणजे गावातला पाइप बँड. दर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर पाइप बँडांची जागतिक स्पर्धा भरते. तिथे घालून दिवसभर उभे राहणारे लोक कुणाचा किल्ट टिकतो आणि कुणाचा उसवतो हे न विचारताही सांगतील.

पैसे कसे द्यायचे

आगाऊ पैसे मागणं हे फसवणुकीचं लक्षण नाही. तुमच्यासाठी कापड आणायचं तर कारागीर निम्मे पैसे आधी मागणारच. प्रश्न कुठल्या मार्गाने मागतो हा आहे. ब्रिटनमधल्या क्रेडिट कार्डाने दिले आणि वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त, ३० हजारांपर्यंत असेल, तर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ लागू होतं: वस्तू आलीच नाही किंवा सांगितल्याप्रमाणे नसली, तर कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार. गंमत म्हणजे नुसती आगाऊ रक्कम कार्डाने दिली तरी संरक्षण पूर्ण किमतीला मिळतं. मध्ये तिसरी पेमेंट कंपनी आली तर ही साखळी तुटू शकते, तेवढं बघा. डेबिट कार्डाला चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची सोय आहे; ती बँकेच्या व्यवस्थेचा भाग, कायद्याचा नव्हे. भारतातून मागवणाऱ्याला कलम ७५ नाही; त्याने आपल्या बँकेच्या चार्जबॅकवरच भिस्त ठेवायची. थेट बँक खात्यात पाठवा, किंवा पेपालसारख्या सोयीवर ‘मित्र-नातेवाईक’ म्हणून पाठवा, असं कुणी म्हटलं तर तिथेच नमस्कार करायचा.

परत करण्याचंही समजून घ्या. ऑनलाइन घेतलेली वस्तू मन बदललं म्हणून १४ दिवसांत परत करता येते, पण खास तुमच्या मापाने शिवलेल्या वस्तूला ही सवलत नाही. ते रास्तही आहे. तुमच्या पोटाचा किल्ट तो दुसऱ्या कुणाला विकणार? मात्र लोकर सांगून ॲक्रिलिक दिलं, तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याखाली ३० दिवसांत वस्तू नाकारून पैसे मागता येतात, आणि हे मापाने शिवलेल्या वस्तूलाही लागू आहे. काही दुकानं तयार मापातला किल्ट ‘कस्टम मेड, परत नाही’ म्हणून विकतात. यादीतून कंबर ३६ निवडली, एवढ्यावरून तो खास तुमच्यासाठी शिवलेला ठरत नाही.

भाच्याने काय केलं

लग्नाला चार आठवडे राहिले होते, त्यात हाताने शिवलेला किल्ट होणं शक्यच नव्हतं. त्याने अख्खा पोशाख भाड्याने घेतला, कोट-बुटांसकट. तिथे निम्मे वऱ्हाडी हेच करतात, आणि एकदाच लागणार असेल तर मीही तेच सुचवीन. लग्नातले फोटो आले. त्याची आई म्हणाली, “पाय बारीक झालेत याचे.”

पण त्याला किल्टची चटक लागली. मग त्याने एका लहान गावातली, एकटी काम करणारी बाई शोधली. साधी वेबसाइट, फोटो थोडे अंधारातले, बहुतेक सगळे पाठीमागून काढलेले. तिने पहिल्याच ईमेलमध्ये सात प्रश्न विचारले आणि त्याने पाठवलेली मापं चुकीची दिसतात म्हणून परत घ्यायला लावली. तेरा औंस, दोन गिरण्यांचे नमुने, निम्मे पैसे आधी, दहा आठवडे थांबा.

दहाचे अकरा झाले. मग एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला, आणि मागोमाग चिडलेला मजकूर: “मामा, एवढे पैसे घेऊन काम अर्धवट. खाली सगळ्या निऱ्यांवरून पांढरे टाके तसेच राहिलेत. परत पाठवू?”

मी फोटो मोठा करून पाहिला. चौकड्या मागच्या बाजूला अखंड होत्या, एकही पायरी नाही, खाली विणलेली किनार. आणि निऱ्यांवरून लांब लांब पांढरे कच्चे टाके, प्रवासात निऱ्या विस्कटू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेले. मिळाल्यावर घेणाऱ्याने आपल्या हाताने उसवायचे असतात.

त्याला लिहिलं, “कात्री घे, घाई करू नकोस. आणि आईला व्हिडिओ कॉल लाव, तिला बघायचंय.”